मालवणच्या लिलावात कानमुशीची पिल्लं बघितली, तेव्हापासून डोक्यातनं जाईना. समुद्रातलं अभयारण्य खरंच चालतं का?

माहुलीचा_मास्तर
राम राम मंडळी. मी साताऱ्याचा, हायस्कूलला विज्ञान शिकवतो. जानेवारीत घरच्यांना घेऊन मालवणला गेलो होतो, फोंडा घाट उतरून. सकाळी किनाऱ्यावर लिलाव चालू होता म्हणून पोरांना दाखवायला नेलं. सुरमई बघितली, बांगडा बघितला, आणि पुढं एका टोपलीत लहान लहान मुशी, म्हणजे शार्क, तिकडं मोरी म्हणतात, हातभर लांबीच्या. त्यातल्या पाच-सहांची डोकी हातोड्यासारखी आडवी. कानमुशी. माझी मुलगी सहावीत आहे, ती तिथंच उकिडवी बसली आणि म्हणाली बाबा ही बाळं आहेत का. मला उत्तर देता आलं नाही, खरंच माहीत नव्हतं.

परत आल्यापासून मिळेल ते वाचतोय. शार्क, पाकट आणि त्यांचे सगळे भाऊबंद धरून जगात जवळपास १,२०० जाती, त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त संपायच्या वाटेवर आहेत असं २०२१ चं जागतिक मूल्यमापन सांगतं, आणि मुख्य कारण अति मासेमारी. आता मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात. मी उभा होतो तिथनं किल्ला समोर दिसत होता. मग त्याच किनाऱ्यावर टोपलीत ही पिल्लं कशी?

जाणकारांना विचारायचं आहे की असली राखीव क्षेत्रं शार्कसाठी कुठं चालली आहेत का, पाण्याखाली किती शार्क आहेत ते मोजतात तरी कसं, आणि आपण घाटावरची माणसं, मोरी मिटक्या मारत खाणारी, आपलं यात काय काम?

पाटणचा_पाहुणा
साताऱ्यातनं समुद्राचा धागा! मास्तर, कंदी पेढे घेऊन पहिल्या रांगेत बसलोय, बोला तुम्ही.

कोयनाकाठ
वाचतेय. मुलीचा प्रश्न आवडला.

देवगडची_लेक
मास्तर, मी देवगडची, लग्न होऊन सांगलीला आले त्याला सोळा वर्षं झाली. माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते, भाऊ अजून होडी घेऊन जातो, गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं सोडायचं जाळं. म्हणून जरा मोठं लिहिते, रागावू नका.

मालवणचं अभयारण्य हे नाव काढलं की आमच्याकडं अजून माणसं गप्प होतात किंवा भांडायला उठतात. १९८७ साली ते कागदावर आलं तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी धड सांगितलंच नव्हतं की यात काय होणार, काय बंद होणार. जाळं टाकायचं का नाही, होडी नांगरायची का नाही, किल्ल्यात राहणाऱ्यांचं काय. नुसती रेघ मारली. त्यामुळं विरोध झाला आणि तो आजपण आहे. म्हणजे तुम्ही ज्याला अभयारण्य म्हणताय ते बोर्डावर आहे, पाण्यात किती आहे ते किनाऱ्यावर विचारा.

दुसरं, ती पिल्लं मुद्दाम धरायला कोण जात नाही. बांगड्याच्या जाळ्यात, सुरमईच्या जाळ्यात ती येतात. आली की मेलेलीच असतात बहुतेक. मेलेला मासा परत पाण्यात टाकून माझ्या भावाला काय मिळणार, आणि त्या पिल्लाला तरी काय मिळणार? आणि खरा घाला कुणाचा आहे ते पण बघा. रात्री एलईडीचे दिवे लावून मासा गोळा करायचा आणि पर्ससीननं, म्हणजे गोल वेढा घालून खालनं आवळायच्या मोठ्या जाळ्यानं, सगळा थवाच्या थवा उचलायचा. एलईडीवर केंद्रानं २०१७ ला बंदी घातली, पर्ससीनवर राज्यानं २०१६ ला निर्बंध आणले, तरी रात्री आमच्या घरच्या पायरीवरनं दिवे दिसतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं हातानं ओढायचं जाळं, ती ओढणारा माणूस मात्र मत्स्यदुष्काळ सोसतो. त्यामुळं कोणी राखीव क्षेत्र म्हणलं की आमच्या पोटात आधी गोळा येतो, की परत आमच्याच होडीला अडवणार.

मला शार्क नकोत असं नाही. वडील सांगायचे, पूर्वी एवढ्या मोठ्या मोऱ्या यायच्या की चार माणसं लागायची उचलायला. मी स्वतः लहानपणी दोनदा बघितलंय. माझ्या भाच्यानं एकदापण नाही.

माहुलीचा_मास्तर
@देवगडची_लेक, ताई, रागवायचं काय त्यात, याच्यासाठीच तर धागा काढला. शेवटच्या दोन ओळी मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

देवगडची_लेक
चालेल की.

कराडचा_भटक्या
मोजणीचं मी सांगू शकतो थोडं. मी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात प्राणीगणनेला स्वयंसेवक म्हणून जातो, कॅमेरा ट्रॅप लावायला. पाण्याखाली जे करतात ते आपल्या कॅमेरा ट्रॅपचंच भावंड आहे. लोखंडी सळ्यांची एक चौकट, त्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यासमोर एक दांडा पुढं काढलेला आणि त्याच्या टोकाला भोकं पाडलेल्या डब्यात किंवा जाळीत किलोभर तेलकट मासा, तारली नाहीतर बांगडा, ठेचून. हे सगळं दोरीनं तळाला सोडायचं, वर बोया तरंगत ठेवायचा, तास-दीड तासानं ओढून घ्यायचं. वास पसरतो, मासे येतात, शार्क येतात, आणि कोणाला इजा न होता सगळं रेकॉर्ड होतं. माणूस पाण्यात नसल्यामुळं बुजणारे प्राणी पण समोर येतात.

आता गंमत मोजण्यात आहे. वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून दहा फोटो आले तरी वाघ एकच हे कळतं. बहुतेक शार्कला तसे पट्टे नाहीत (बहिरी म्हणा व्हेल शार्क म्हणा, त्याच्या ठिपक्यांवरनं ओळख पटते, पण ती वेगळी गोष्ट). तीच मुशी कॅमेऱ्यासमोरनं पंधरा वेळा गेली तर पंधरा धरायच्या का? म्हणून नियम असा की एकाच क्षणी चौकटीत जास्तीत जास्त किती दिसल्या तेवढाच आकडा लिहायचा. त्यात कमी मोजलं जाईल पण फुगवून मोजलं जाणार नाही. दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावले तर लांबीसुद्धा मोजता येते, म्हणजे पिल्लू का मोठं ते कळतं.

याच पद्धतीनं जगातल्या ५८ देशांत, ३७१ प्रवाळांवर कॅमेरे सोडले होते, पंधरा हजार तासांच्या वर व्हिडिओ. २०२० ला निकाल आला. जवळपास वीस टक्के प्रवाळांवर एकसुद्धा शार्क दिसली नाही. पंधरा हजार तास बसून ते बघणाऱ्या पोरांचा विचार करा, मी तीनशे फोटोत रानडुकरं मोजताना डोळे चोळतो.

कोरेगाव_एक्सप्रेस
सगळं खरं पण मला एक कळत नाही, शार्क म्हणजे शिकारी प्राणी, मासे खाणारा. तो कमी झाला तर मच्छिमाराला मासे जास्त मिळतील की. आणि पालघरला मनोरजवळ वैतरणेत शार्कनं माणसाचा पाय तोडला होता २०२४ ला, ती बातमी विसरलात का? आधी माणसं बघा. विरोधासाठी विरोध करत नाही, खरंच विचारतोय.

शिरगावची_वाईकर
मूळची वाईची, रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. @कोरेगाव_एक्सप्रेस दादा, प्रश्न योग्य आहे.

मनोरची घटना खरी आहे आणि त्या माणसाचं दुःख मोठं आहे. गोड्या पाण्यात आतपर्यंत चढणारी शार्क म्हणजे बुल शार्क, ती खाडीतनं नदीत येते. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं होणं फार दुर्मिळ आहे. एवढे कोळी, एवढे पर्यटक रोज पाण्यात असतात, त्यामानानं बघा.

मासे जास्त मिळतील का, तर समुद्र इतका सरळ हिशेब करत नाही. शार्क फक्त बांगडा खात नाही. बांगडा खाणारे मधले शिकारी पण खाते, आजारी-जखमी आधी उचलते. ती काढली की खालची घडी कशी विस्कटेल ते दरवेळी वेगळं असतं, प्रत्येक ठिकाणी सारखंच होतं असं शास्त्र म्हणत नाही. पण उलटं झालेलं उदाहरण आहे. मेक्सिकोत काबो पुल्मो नावाचं गाव, मच्छिमारांचं. मासे संपत आले म्हणून गावातल्याच माणसांनी पुढाकार घेतला, १९९५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, मासेमारी थांबवली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन साडेचार पटीहून जास्त वाढलं. आणि वाढलं त्यात मोठे शिकारी सगळ्यात जास्त, शार्कसुद्धा. म्हणजे शार्क आणि मासे दोन्ही एकदम वाढले.

आता मास्तरांचा मूळ मुद्दा, टोपलीतली पिल्लं. सर, हातभर लांबीची प्रत्येक मुशी पिल्लू असेलच असं नाही. आपल्याकडं बाजारात सगळ्यात जास्त येते ती छोटी मुशी जातच लहान आहे, पूर्ण वाढूनसुद्धा दोन-सव्वादोन फुटांच्या आसपास. ती लवकर वयात येते, बरीच पिल्लं देते, म्हणून अजून टिकून आहे, तरी तिच्यावरसुद्धा ताण आहेच. पण हातोड्यासारखं डोकं असलेली हातभर लांबीची, ती नक्की पिल्लू. मोठी कानमुशी आठ-दहा फुटांची होते, वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, पोटात पिल्लं जवळपास वर्षभर वाढतात. तिचं पिल्लू मेलं की समुद्राला ते परत मिळायला पिढी जाते. ती आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

पिल्लू ओळखायची एक खूण सांगते. उलटी करून बघायची, छातीच्या दोन परांच्या, म्हणजे पोहायच्या पंखांच्या मधे बेंबीची चीर असते. शार्कमध्ये बऱ्याच जातींना आईच्या पोटात नाळ असते, आपल्यासारखी. जन्मल्यावर काही आठवडे ती चीर उघडी दिसते, मग हळूहळू बुजते. चीर उघडी असेल तर बाळ नुकतंच जन्मलेलं.

माहुलीचा_मास्तर
माशाला बेंबी! मुलीला आत्ता उठवून सांगू का सकाळी सांगू असं झालंय. रात्रीचे अकरा वाजलेत.

पाटणचा_पाहुणा
सकाळी सांगा हो, नाहीतर वहिनी आम्हाला बोल लावतील.

मिरजेची_सिस्टर
थोडं अवांतर, पण माझ्या कामातलं आहे म्हणून लिहिते. मी प्रसूती वॉर्डला वीस वर्षं आहे. कोकणातल्या आणि आता आपल्याकडच्या पण बऱ्याच घरांत बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, दूध येतं म्हणून. घाट चढून मुशी आपल्या बाजारात येते ती बरीचशी यासाठीच. श्रद्धेनं करतात, आजी स्वतः डबा घेऊन येतात, मी कोणाचं मन दुखवत नाही. पण शार्क वरच्या पायरीवरचा शिकारी असल्यामुळं खालच्या सगळ्या माशांतला पारा तिच्या अंगात साठत जातो, जेवढी मोठी आणि म्हातारी तेवढा जास्त. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्लाच आहे की गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलं यांनी शार्क खाऊ नये. मी आजींना सांगते, कालवण तेच करा, मसाला तोच घाला, फक्त मासा तारली नाहीतर बांगडा घ्या. लहान मासा, पारा कमी, अंगाला चांगलं तेल. दहातल्या सहा-सात जणी ऐकतात.

ताजी_मासळी_सांगली
ताई, मी सांगलीत मासळी विकतो, वडिलांपासूनचा धंदा. तुमचं बरोबर हाय, मुशीला मागणी बाळंतिणीसाठी असती आणि दुसरी लहान पोरांसाठी, काटा नसतो म्हणून. माझ्याकडं माल अंबा घाटानं येतो, पहाटं चारला गाडी लागती. आता मला कोण इचारलं की ही कुठली मुशी, तर मी शप्पथ घेऊन सांगू शकत न्हाय. मोठी असंल तर डोकं कापलेलं, पर काढलेलं, कातडं सोललेलं असतं. नुस्तं पांढरं मांस. वाईकर बाई म्हणत्यात ते ओळखायचं कसं? बारकी अख्खी येत्यात त्यात कानमुशी असंल तर मला दिसंल. इथून पुढं मी ती घेणार न्हाय. गाडीवाल्याला सांगून ठेवतो. एका दुकानानं काय फरक पडतोय असं म्हणू नका, गाडीवाला पाच दुकानांना माल टाकतो, त्यो इचारंल का घेत न्हाय म्हणून.

देवगडची_लेक
दादा, तुम्ही हे लिहिलंत ना, मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला घाटावर मागणी थांबली तर बंदरावर भाव पडंल आणि भाव पडला तर लोक सोडायला लागतील. त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

शिरगावची_वाईकर
@ताजी_मासळी_सांगली, सोललेलं मांस डोळ्यानं आम्हाला पण ओळखता येत नाही, त्याला डीएनए तपासावा लागतो. अख्खी कानमुशी नाकारलीत तरी खूप झालं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २००१ ला शार्क-पाकटांच्या दहा जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आल्या, व्हेल शार्क त्यातच. २०१३ ला पर कापून धड समुद्रात फेकायला बंदी आली, २०१५ ला परांच्या निर्यातीला. २०२२ च्या दुरुस्तीनं यादी आणखी वाढली. पण यादी वाढली म्हणजे जाळ्यात येणं थांबलं असं नाही, जाळ्याला यादी वाचता येत नाही.

वारणेचा_पोर
तीन दिवस वाचतोय, आज लिहितो. आमचं मूळ गाव चांदोलीत. आता तिथं गाव नाही. १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. आम्हाला खाली माळावर जागा दिली. आजोबा जंगलातली पायवाट डोळे मिटून चालायचे, ते शेवटची दहा वर्षं पत्र्याच्या घरापुढं खुर्ची टाकून बसून राहिले. सातबारा नावावर व्हायला वडिलांनी एका ऑफिसात किती खेपा घातल्या ते आम्ही घरचेच जाणतो. चप्पल झिजली हे आमच्या घरात नुसतं बोलायला म्हणत नाहीत.

आणि तरी मी हे पण लिहितो की चांदोलीचं जंगल राहिलं पाहिजे. मला तिथला गवा बघून आनंद होतो. दोन्ही गोष्टी माझ्या पोटात एकाच वेळी आहेत, त्या एकमेकीला खोडत नाहीत.

म्हणून देवगडच्या ताईंचं पोटातला गोळा म्हणणं मला लगेच कळलं. समुद्रात राखीव क्षेत्र करा, जरूर करा, पण आमच्या बाबतीत जे झालं ते करू नका. आधी रेघ मारली, मग माणसांना विचारलं. तिथं कुठली खाडी, कुठल्या महिन्यात, कुठलं जाळं, हे मच्छिमारानं सांगायचं आणि तज्ज्ञांनी लिहून घ्यायचं. उलटं नाही. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्याला बाहेर ठेवून राखलेलं पाणी रात्री राखणार कोण? जंगलाला निदान नाका तरी बसवता येतो.

माहुलीचा_मास्तर
भावा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी आई कोयनेच्या धरणग्रस्तांतली. घरात याच्यावर कधी कोण बोललं नाही.

कोयनाकाठ
@वारणेचा_पोर +१. काहीच भर घालावीशी वाटत नाही.

हेळवाकचा_वारा
कोयनेचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. आपण सगळे म्हणतो आपलं पाणी कृष्णेतनं पूर्वेला बंगालच्या उपसागराला जातं, अरबी समुद्राशी आपला संबंध नाही. पण कोयनेच्या वीजघरातनं वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला सोडतात, ते वाशिष्ठीतनं चिपळूण, दाभोळची खाडी करत अरबी समुद्राला मिळतं. महाबळेश्वर-पाटणकडच्या डोंगरावर पडलेला पाऊस. म्हणजे मास्तर, त्या किनाऱ्यावर आपलं पाणी रोज पोचतंय, आपण पोचत नाही एवढंच.

सहावीतली_सई_आणि_बाबा
आमच्या कन्येचा प्रश्न: मग कृष्णेत सांगलीपर्यंत शार्क येऊ शकते का?

कराडचा_भटक्या
बाळा, नाही. मधे एवढी धरणं आणि बंधारे आहेत की समुद्राकडनं वर यायला वाटच नाही. सांगलीला, भिलवडीला कृष्णेत मगरी मात्र आहेत, त्यामुळं पाण्यात उतरताना बाबांचा हात धरायचा.

कोरेगाव_एक्सप्रेस
मला काबो पुल्मोचं पटलं. पण एक शंका राहते. वाघ चांदोलीतनं ताडोबाला रोज जात नाही, शार्क तर शेकडो किलोमीटर फिरते म्हणतात. २९ चौरस किलोमीटरची रेघ तिला काय कामाची? सकाळी आत, संध्याकाळी बाहेर, जाळ्यात.

शिरगावची_वाईकर
दादा, अगदी इथंच सगळं अडतं. मोठ्या कानमुशीला २९ चौरस किलोमीटर म्हणजे अंगण. पण तिची पिल्लं पहिलं वर्ष-दोन वर्षं उथळ किनाऱ्यालाच, खाडीच्या तोंडाशी राहतात, मोठ्या शार्कपासून लपायला आणि खायला. तेवढी पाळणाघरं शोधली आणि पिल्लं जन्मायच्या महिन्यांत तिथं जाळं टाकलं नाही तर लहान क्षेत्रसुद्धा उपयोगी पडतं. त्या ३७१ प्रवाळांच्या अभ्यासात जिथं शार्क टिकल्या तिथं काय होतं ते पण बघितलं होतं. पूर्ण शार्क अभयारण्य केलेले देश, मासेमारी बंद असलेली क्षेत्रं, पकडीवर मर्यादा, आणि गिलनेट किंवा लांब दोरीचे गळ नसणं. सगळीकडं एकच औषध नाही. पलाऊनं २००९ ला सगळा समुद्र शार्कसाठी राखला, मालदीवनं २०१० ला शार्क पकडणं बंद केलं, पण त्यांच्याकडं जिवंत शार्क बघायला पैसे देणारे पाहुणे आहेत. आपल्या किनाऱ्यावर हजारो होड्यांच्या पोटाचा प्रश्न असताना तेच जसंच्या तसं उचलून चालणार नाही.

आणि मोठ्या शार्कसाठी लांबची जागा लागते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखालचं पठार. वर वीस-पंचवीस मीटर पाणी, खाली जिवंत प्रवाळ, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर. २०१९ च्या डिसेंबरात तिथं मोहीम गेली होती. पण ते राज्याच्या बारा सागरी मैलांच्या बाहेर, तिथं केंद्राचं चालतं, त्यामुळं संरक्षणाची गाडी दोन सरकारांच्या मधे चालते.

कराडचा_भटक्या
@शिरगावची_वाईकर, एक विचारायचं होतं, कॅमेरा खाली सोडायचा तर पाणी स्वच्छ लागणार ना? आपल्या खाड्या तर गढूळ.

शिरगावची_वाईकर
बरोबर पकडलंत. आंग्रियाला, मालवणच्या खडकांवर डिसेंबर ते फेब्रुवारी चालेल. खाडीच्या तोंडाशी कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि पिल्लं तर तिथंच. मग तिथं दुसरे उपाय. पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन त्यातला डीएनए तपासायचा, कोण येऊन गेलं ते कळतं. किंवा पिल्लाला छोटं यंत्र लावायचं, ते ठराविक आवाज करतं, आणि तळाशी ठेवलेली दुसरी यंत्रं तो आवाज टिपतात. महाग आहे सगळं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी माहिती जाळं ओढणाऱ्याकडं असते, कुठं, कधी, केवढी मिळाली.

मिरजेची_सिस्टर
गुजरातचं पण असंच झालं ना? व्हेल शार्क मारायचे पूर्वी.

शिरगावची_वाईकर
हो. तेलासाठी मारायचे. २००१ ला कायदा आला, पण बदल घडला तो २००४ च्या मोहिमेनं. कथाकार मोरारी बापूंनी सांगितलं की ही व्हाली आहे, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. कुठला कोळी माहेरवाशिणीला मारेल? वनखातं, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया बरोबर होते, जाळं कापून सोडलं तर भरपाई ठेवली. आजवर ९०० हून जास्त व्हेल शार्क तिथल्या मच्छिमारांनी स्वतःच्या हातानं जाळं कापून सोडल्या आहेत. आपल्याकडं पण २०१८ पासून वनखात्याच्या कांदळवन कक्षाची योजना आहे, संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, फोटो किंवा व्हिडिओ काढायचा.

देवगडची_लेक
माहेरवाशीण! हे मी भावाला सांगणार. भरपाईचं त्याला माहीत आहे, पण जाळं फाटल्यापेक्षा दिवस बुडतो त्याचं काय, असं तो म्हणतो. त्याचंही खरं आहे.

माहुलीचा_मास्तर
मंडळी, दीड आठवडा झाला. मी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं की आपलं काम काय. मला आता असं वाटतं की मी किल्ल्यासमोर उभा राहून जो प्रश्न विचारला तो अर्धा चुकीचा होता. पिल्लं टोपलीत कशी, हे मी अभयारण्याला विचारत होतो. ती टोपली भरायला माझं ताटपण कारण आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या घरी मुशी बंद केली, आईनं पण हो म्हणलं. वर्गातली पोरं कानमुशीचं आणि छोट्या मुशीचं चित्र शेजारी शेजारी काढतायत, मोठ्या कागदावर. @ताजी_मासळी_सांगली, तुमच्या दुकानात लावाल का?

ताजी_मासळी_सांगली
द्या की सर. प्लास्टिक करून द्या तेवढं, पाणी उडतंय इथं.

वारणेचा_पोर
एक चित्र बंदरावर पण पाठवा. पण त्यावर नियम लिहू नका, नुसतं चित्र आणि नाव.

देवगडची_लेक
मास्तर, काल संध्याकाळी भावाचा व्हिडिओ आला. चाळीस सेकंदांचा आहे, हलतोय खूप. पहाटे जाळं नेहमीपेक्षा लवकर ओढलं त्यानं, कानमुशी आली, हलत होती. मी त्याला बेंबीचं सांगितलं होतं म्हणून त्यानं हातात उलटी करून दाखवली, आणि चीर दिसते हो, उघडी.

शिरगावची_वाईकर
ताई, लगेच सोडली ना? कानमुशी जाळ्यात फार लवकर दम सोडते, सोडली तरी सगळ्या वाचत नाहीत. जागा आणि वेळ लिहून ठेवायला सांगाल? लांबी, वजन काही घेतलं का?

देवगडची_लेक
जागा लिहिलीय त्यानं, वेळ पाच पंचवीस. लांबी वल्ह्याला लावून बघितली, खूण केलीय वल्ह्यावर, आज टेपनं मोजून सांगते म्हणाला. वजन नाही केलं. पाण्यात सोडली लगेच, खाली गेली.